राखेतलं पालाश

ऊस तुटून गेला की इस्लामपूरच्या आसपास संध्याकाळी पाचट पेटतं. दोरीवरच्या धुतलेल्या कपड्यांवर काजळी येऊन बसते. "जाळू नका" म्हटलं की आमच्या भाऊबंदांचं उत्तर ठरलेलं, "अरे, राखेत पालाश असतंच की!"

असतं, कबूल. पोटॅश हा इंग्रजी शब्दच मुळी भांड्यातल्या राखेवरून आला. लाकडाच्या राखेचं पाणी आटवून पोटॅशियम कार्बोनेट काढायचे. आज्या राखेनं भांडी घासायच्या ते उगाच नाही. पण वाऱ्यावर उडून माझ्या दोरीवर आलेलं पालाश तुमच्या खोडव्याला कसं मिळणार? नत्र आणि सेंद्रिय कर्ब धुरात गेले ते वेगळेच.

जरा हिशेब करा. हेक्टरी ८ ते १० टन पाचट, त्यात पालाश साधारण ०.७ ते १ टक्का. म्युरेट ऑफ पोटॅशच्या ५० किलोच्या पोत्यात पालाश ३० किलो. म्हणजे दोन-तीन पोत्यांचा ऐवज आपण काडी लावून वाऱ्यावर सोडतो. मग कॅनडा, रशिया, जॉर्डनहून आलेलं तेच पालाश विकत आणतो आणि भाव वाढला की सरकारला शिव्या घालतो!

मजूर मिळत नाहीत, पाचटात खत घालणं जिकिरीचं होतं, हे खरं. पण पाचट सरीत दाबा, बुडखे छाटा, खत पहारीनं द्या. पाण्याबरोबर पाचटातलं पालाश आपसूक मातीत उतरतं.

राख भांड्यांना ठीक होती. रानाला पाचटच द्या.

असो. कपडे पुन्हा धुवायचे आहेत.