चोरी एका घरात, माहिती शंभर घरांची

लग्नसराई आणि सुट्ट्या सुरू झाल्या की आपल्याकडच्या हिंदी वर्तमानपत्रांत ‘सूने मकान’ हे शब्द नेमाने दिसू लागतात. घरची मंडळी जळगावला लग्नाला, शेगावला दर्शनाला किंवा पुण्याला मुलाकडे गेलेली; इकडे कुलूप तुटलेले आणि कपाट उचकटलेले. बातमीत दागिन्यांचे वजन असते, रोकड किती ते असते. लॅपटॉप गेला असेल तर त्याचा उल्लेख शेवटी, मिक्सर आणि गॅस सिलिंडरच्या बरोबरीने.

आपण स्वतःही तोच क्रम लावतो. सोने बँकेच्या लॉकरमध्ये, घराची कागदपत्रे कपाटाच्या आतल्या कप्प्यात, आणि लॅपटॉप मात्र खिडकीजवळच्या टेबलावर, चार्जर लावलेला. पासवर्डांची वही त्याच्याच पिशवीत. यंत्राची किंमत चाळीस-पन्नास हजार, ती पंचनाम्यात येते. त्यात काय होते, याचा रकाना पंचनाम्यात नसतो. या लेखाचा विषय तो रकाना आहे, कारण त्यात पुष्कळदा आपल्या एकट्याच्या घराची माहिती नसतेच.

या बाबतीत जगातले सर्वांत गाजलेले प्रकरण एका साध्या घरफोडीतूनच निघाले. ३ मे २००६ रोजी अमेरिकेत मेरिलँड राज्यात एका सरकारी कर्मचाऱ्याचे घर फुटले. हा गृहस्थ माजी सैनिकांच्या कल्याणाचे काम पाहणाऱ्या खात्यात विश्लेषक होता आणि कामाची माहिती घरी नेत असे. चोरांनी त्याचा लॅपटॉप आणि बाहेरून जोडायची हार्ड डिस्क नेली. त्यात सुमारे २ कोटी ६५ लाख लोकांची नावे, जन्मतारखा आणि सामाजिक सुरक्षा क्रमांक होते. माहिती कूटबद्ध केलेली नव्हती, म्हणजे डिस्क हाती पडेल त्याला ती वाचता आली असती. खात्याने ही गोष्ट लोकांना सांगितली ती २२ मे रोजी, जवळपास तीन आठवड्यांनी. जूनअखेर लॅपटॉप परत मिळाला आणि तपास यंत्रणेच्या तपासणीत माहिती कोणी उघडल्याची खूण आढळली नाही. चोरांना बहुधा कल्पनाही नव्हती आपण काय उचलले ते. तरीही माजी सैनिकांनी दावे लावले आणि २००९ मध्ये सरकारला २ कोटी डॉलर देऊन तडजोड करावी लागली.

एवढे मोठे उदाहरण बऱ्हाणपुरात कशाला, असे वाटेल. पण कर्मचाऱ्याचे नाव बाजूला ठेवून गोष्ट पाहा: बऱ्याच लोकांची माहिती, एका माणसाच्या घरी, चांगल्या हेतूने नेलेली. अशी घरे आपल्या समाजात किती तरी आहेत. पॉवरलूमवाल्यांचे आणि केळीच्या व्यापाऱ्यांचे हिशेब पाहणाऱ्या कर सल्लागाराच्या लॅपटॉपमध्ये पन्नास जणांचे पॅन, आधार आणि बँक खाती असतात. डिजिटल सहीचे टोकनही त्याच पिशवीत. शिकवणी घेणाऱ्या बाईंकडे मुलांचे फोटो आणि पालकांचे नंबर असतात. आणि मंडळाचे काम करणाऱ्यांकडे सभासदांची यादी, त्याबरोबर वधू-वर परिचयाची पत्रके. एका पत्रकात काय नसते? मुलीचे पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, फोटो, नोकरीचे ठिकाण, पगार, घरचा पत्ता, वडिलांचा आणि मामांचा मोबाईल नंबर. बँकसुद्धा एवढे विचारत नाही. अशी दोन-तीनशे पत्रके एका फोल्डरमध्ये, एका घरी.

चोराबद्दलही उगाच भीती नको. घर फोडणारा माणूस सहसा माहितीच्या मागे नसतो. त्याला यंत्र लवकर विकायचे असते, आणि घेणारा बहुतेक वेळा ते पुसून टाकतो. तेव्हा नुकसान वेगळ्याच तऱ्हेचे होते: आजोबांच्या पंच्याहत्तरीचे फोटो, मुलीचा अर्धा झालेला प्रबंध, तीन वर्षांचे हिशेब, ज्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती. माझ्या मते आपल्याकडे हेच नुकसान जास्त घडते आणि त्याची चर्चा कमी होते. पण न पुसता यंत्र दुसऱ्या-तिसऱ्या हातात गेले तर काय होईल, ते आपल्या हातात उरत नाही. मुलीचा फोटो आणि वडिलांचा नंबर एकत्र असलेला कागद ओटीपी मागणाऱ्या भामट्याला सोन्याहून कामाचा.

आता कायद्याकडे. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचे नियम जाहीर केले. मूळ कायदा २०२३ चा. संस्थांवरची मुख्य बंधने अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू व्हायची आहेत. स्वतःच्या घरगुती कामासाठी ठेवलेली माहिती या कायद्याच्या बाहेर आहे. पण सभासद यादी किंवा वधू-वर पत्रके घरगुती आहेत असे म्हणता येईल, असे मला वाटत नाही. ती घरात असली तरी काम संस्थेचे आहे. अशी माहिती चोरीला गेली तर ज्यांची ती आहे त्यांना आणि मंडळाला (आपल्या नव्हे, कायद्याने नेमलेल्या डेटा संरक्षण मंडळाला) विलंब न लावता कळवावे लागेल, आणि सविस्तर तपशील ७२ तासांत द्यावा लागेल. संरक्षणाची वाजवी काळजी न घेतल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. एवढा दंड छोट्या संस्थेला होईल असे कोणी समजत नाही, पण अमेरिकेतल्या त्या खात्याने जे तीन आठवडे लांबवले ते आता आपल्यालाही लांबवता येणार नाही.

मग घरी काय करायचे? सगळ्यात मोठा गैरसमज पासवर्डचा. लॅपटॉप सुरू करताना विचारला जाणारा पासवर्ड म्हणजे दाराची कडी. डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली की ती कडी निरुपयोगी. खरे कुलूप म्हणजे संपूर्ण डिस्क कूटबद्ध करणे. विंडोजमध्ये यासाठी बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन आहे, ॲपलच्या लॅपटॉपवर फाइलव्हॉल्ट आहे. नव्या यंत्रांवर ते पुष्कळदा आधीच सुरू असते. सेटिंग्जमध्ये एकदा बघून घ्यावे. बिटलॉकरची ४८ आकडी रिकव्हरी की मात्र कागदावर लिहून लॅपटॉपपासून दूर ठेवा. ती हरवली तर एखाद्या दिवशी आपणच आपल्या माहितीबाहेर राहू, आणि असे झालेले लोक दुरुस्तीच्या दुकानात हताश बसलेले दिसतात.

दुसरी प्रत ठेवणारेही एक चूक करतात: हार्ड डिस्क त्याच कपाटात ठेवतात. अमेरिकेतल्या त्या घरातून दोन्ही वस्तू एकदमच गेल्या होत्या. प्रत बहिणीकडे खंडव्याला ठेवा, भावाकडे भुसावळला ठेवा, किंवा ऑनलाइन ठेवा. फक्त त्याच छपराखाली नको. आणि तीही कूटबद्ध हवी, नाहीतर धोका एका घरातून दुसऱ्या घरात नेला एवढेच. बाकी गोष्टी आपल्या आईवडिलांनाही ठाऊक होत्या: पेपर-दूध बंद सांगणे, शेजाऱ्यांना किल्ली देणे. फक्त प्रवासाचा फोटो स्टेटसला लावायचा तो परत आल्यावर लावावा, ही भर आजच्या काळाची.

चोरी झालीच तर पहिला तास फिर्यादीइतकाच महत्त्वाचा. पुण्यात असताना शेजाऱ्यांचा फोन आला तरी घरी पोहोचायची वाट पाहू नका. मोबाईलवरूनच गुगल किंवा मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन तो लॅपटॉप साइन-आउट करा, व्हॉट्सॲपच्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मधून तो काढून टाका, मग ईमेलचा पासवर्ड आधी आणि बँकेचा त्यानंतर बदला, कारण बाकी सगळे पासवर्ड ईमेलमधूनच नवे करता येतात. आधारचे बायोमेट्रिक कुलूप लावता येते. डिजिटल सहीचे टोकन गेले असेल तर ज्यांनी ते दिले त्यांना कळवून प्रमाणपत्र रद्द करून घ्या. खात्यातून पैसे हलल्याचे दिसले तर लगेच १९३०.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे फिर्याद कोणत्याही ठाण्यात देता येते, हद्द कोणतीही असो. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत सही करावी लागते आणि प्रत मोफत मिळते. कोतवालीत जा की लालबागला, लॅपटॉपचा सिरीयल नंबर मागतीलच. मोबाईल आयएमईआय नंबरावरून संचार साथी पोर्टलवर बंद करता येतो, लॅपटॉपला तशी सोय नाही; म्हणून यंत्राच्या खालच्या बाजूचा तो नंबर आजच फोटो काढून ठेवा. फिर्यादीत आत कोणाची माहिती होती तेही लिहून द्या. पोलीस कदाचित म्हणतील, याची गरज काय. तरी लिहून द्या.

आपल्या मंडळापुरते एक सुचवावेसे वाटते. येत्या सर्वसाधारण सभेत हिशेबाबरोबर हाही विषय घ्यावा की सभासद यादी आणि परिचय पत्रके नेमकी कोणाकोणाच्या लॅपटॉपवर आणि पेन ड्राइव्हवर आहेत. ज्या मुला-मुलींची लग्ने होऊन वर्षे झाली, त्यांची पत्रके अजून का ठेवायची? मेळाव्याच्या पुस्तिकेसाठी छापखान्यात दिलेला पेन ड्राइव्ह परत आला का, हेही विचारावे. मी गेल्या आठवड्यात माझे टेबल आवरले तेव्हा जुन्या मेळाव्याचा एक पेन ड्राइव्ह सापडला. एकशे चाळीस पत्रके, सगळी उघडी, आणि त्यातली निदान पाच-सहा अशा मुलींची ज्यांची मुले आता शाळेत जातात.