बटईच्या वावरातली विहीर

बारावीचा निकाल लागला की अमरावती-अकोल्याच्या घराघरांतून एकच खल सुरू होतो : मुलाला पुण्याला धाडायचे, की स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसवायचे? या दोन वाटांखेरीज तिसरी वाट गेल्या काही वर्षांत पडली आहे. आपल्या आवडीची कला इंटरनेटवरून लोकांसमोर मांडायची, तिच्यातून घडलेली वस्तू विकायची आणि गावातच राहून संसार उभा करायचा, असे तरुण मंडळी बोलू लागली आहेत. वडीलधारी मंडळी याला 'नाद' म्हणतात. त्यांची भीती अगदीच अनाठायी नाही. पण नाद आणि आवड यांत फरक आहे, आणि तो घरच्यांनाच सर्वांआधी ओळखता येतो.

दुसऱ्याचे पाहून जे सुरू होते ते पहिल्या कोरड्या हंगामात आटते. जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा मिळण्यासाठी यूट्यूबची साधारण अट १००० सदस्यांची आणि वर्षभरात ४००० तास पाहिले जाण्याची आहे. तोवरची मशागत विनामोबदला! निव्वळ नकलेच्या बळावर एवढा काळ कोण तग धरणार? अहिल्यानगर जिल्ह्यातील सारोळा कासारच्या सुमन धामणे यांनी सत्तरीच्या घरात, २०२० साली, नातवाच्या मदतीने 'आपली आजी' ही वाहिनी सुरू केली. कॅमेरा त्यांना नवा होता, चूल नव्हती. आयुष्यभर रांधलेले त्यांनी रांधून दाखवले आणि लाखो लोकांनी ते पाहिले.

आपल्या मेळघाटातही हाच क्रम दिसतो. धारणी तालुक्यातील लवादा येथे सुनील आणि निरुपमा देशपांडे या दांपत्याने गेल्या शतकाच्या अखेरीस संपूर्ण बांबू केंद्र उभारले. आधी हातातली कला, मग तिला बाजार. त्या वेळी आजच्यासारखी ऑनलाइन विक्री नव्हती आणि बांबू कायद्याच्या लेखी 'झाड' होता; वनक्षेत्राबाहेरील बांबूची त्यातून सुटका २०१७ साली झाली. सुनीलजी २०२१ मध्ये गेले. लवाद्याच्या बांबूच्या राख्या मात्र मेळघाटाबाहेर दूरवर पोहोचल्या आहेत.

तरीही एक धोका सांगितलाच पाहिजे. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी अॅपवर बंदी घातली. राष्ट्रीय सुरक्षेच्या दृष्टीने तो निर्णय योग्यच होता. पण ज्या खेडोपाडीच्या कलावंतांनी सगळा प्रेक्षकवर्ग तिथेच जमवला होता, त्यांचा तो एका रात्रीत गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सुमनआजींची वाहिनी कोणा भामट्याने बळकावली होती, ती काही दिवसांनी परत मिळाली. सगळ्यांनाच ती मिळेल असे नाही. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. बटईने केलेल्या वावरात पीक घ्यावे, विहीर खोदू नये! ग्राहकांची नावे आणि पत्ते स्वतःच्या वहीत हवेत, हिशेब पहिल्या दिवसापासून हवा. खाद्यपदार्थ विकायचे तर अन्नसुरक्षा नोंदणी हवीच. राज्यातल्या राज्यात ऑनलाइन माल विकणाऱ्या लहान विक्रेत्याला ऑक्टोबर २०२३ पासून उलाढालीच्या ठरावीक मर्यादेपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, हेही अनेकांना ठाऊक नसते.

पालकांनी काय करावे? नोकरी सोडायला सांगू नये आणि शिक्षण तर मुळीच नाही. दोन वर्षे संध्याकाळचे दोन तास आणि घरातला एक कोपरा द्यावा. महागडा कॅमेरा मागितला तर खुशाल नकार द्यावा. (आवड खरी असेल तर ती साध्या मोबाइलवरही चालते, आणि खोटी असेल तर पैसे वाचतात.) विषय शोधायला मुंबईकडे पाहण्याचे कारण नाही. गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे, रांधणीवर पडणारे मांडे, वऱ्हाडी बोलीतल्या म्हणी, हे सारे घरात आहे आणि जाणती माणसे अजून आपल्यात आहेत. येत्या उन्हाळ्यात आई सरगुंडे वळायला बसेल तेव्हा ती कणीक किती घट्ट भिजवते, हे शेजारी बसून लिहून घेणारे कोणी तरी घरात हवे.