पोरीसारखा रडतोस काय?

मुलगा रडला की हा प्रश्न आपण किती सहज विचारतो! अमेरिकेतील रिचर्ड ऱ्होड्स यांनी अणुबाँबचा इतिहास लिहून १९८८ साली पुलित्झर पारितोषिक मिळवले. पण लहानपणी सावत्र आईने केलेली उपासमार आणि मारहाण त्यांनी आत्मकथनात मांडली ती १९९० साली, पन्नाशी उलटल्यावर. वडील घरातच होते. ते गप्प राहिले. अखेर तेरा वर्षांचा थोरला भाऊ स्टॅन्ली स्वतः पोलीस चौकीत गेला. तिथे त्याचे ऐकून घेतले गेले, म्हणून दोघे सुटले.

वाचकहो, यंदा फराळाच्या ताटाशी एखादा भाचा-पुतण्या गप्पगप्प दिसला, तर त्याला हसू नका. जवळ घ्या, विचारा. आणि तो सांगेल त्यावर विश्वास ठेवा.