एकाच पेढीस माल, की चार पेढ्यांस?

आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा भुसाराच्या धंद्यात पडला नाही. खडोलीच्या वखारीत तो चार वर्षे बसला. पण त्याचे चित्त पोत्यांपेक्षा पोत्यांवर पडणाऱ्या उन्हात अधिक असे. आता तो छायाचित्रे काढतो आणि ती विकून स्वतःपुरते मिळवतो. गेल्या चातुर्मासात तो एका करारनाम्याची छापील प्रत घेऊन आमच्याकडे आला व म्हणाला, "काका, हे मान्य करू की नको, तेवढे सांगा." आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. परंतु माल एकाच पेढीस बांधून द्यावा की चार पेढ्यांस मोकळा द्यावा, हा प्रश्न गादीवर बसल्यापासून आमच्या पाठीस लागलेला आहे. सबब करारातील इंग्रजी त्याने वाचून दाखविले आणि अर्थ आम्ही लावला. आपल्या सभासदांच्या घरांतूनही अशी मुले असतील, म्हणून त्या दिवशीचा विचार येथे मांडतो.

ज्यांस या धंद्याची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे अवश्य आहे. जाहिरातवाले, वर्तमानपत्रे, पाठ्यपुस्तकांचे प्रकाशक यांना नित्य चित्रे लागतात. दर वेळी छायाचित्रकार धाडणे परवडत नाही, म्हणून चित्रांच्या वखारीच उभ्या राहिल्या. त्यांस स्टॉक फोटोग्राफी म्हणतात. छायाचित्रकार आपले चित्र तेथे ठेवतो, गिऱ्हाईक पैसे भरून ते वापरण्याचा परवाना घेते, आणि वखारवाला आपला हिस्सा कापून उरलेले त्याच्या खात्यावर टाकतो. धान्याचे पोते एकदा विकले की संपले. चित्र हजार वेळा विकले तरी वखारीतच असते. बाकी हा अडतीचाच धंदा होय. मात्र आमच्याकडे अडत्या शेकड्यास काही रुपये घेतो आणि उरलेले शेतकऱ्याचे. तेथे उलट आहे.

किती उलट, ते पाहा. आयस्टॉक ही पेढी 2000 साली कॅनडातील कॅलगरी येथे निघाली; 2006 मध्ये गेटी इमेजेस या मोठ्या घराण्याने ती पाच कोटी डॉलरांस घेतली. तिने 2017 साली घातलेल्या दरांप्रमाणे मोकळ्या छायाचित्रकारास शेकडा 15 मिळतात. जो आपला या जातीचा सर्व माल तिच्याच हवाली करील त्यास शेकडा 25 पासून 45 पर्यंत. शिवाय बांधलेल्याचे चित्र वरच्या वर्गात मांडले जाते व त्याची किंमतही मोकळ्या मालाच्या तिप्पट ठेवलेली असते. ऐकताच आमचे बंधू म्हणाले, यात विचारायचे काय आहे? एक पेढी, एक खाते, दर चांगला.

आम्हीही तरुणपणी असेच म्हणालो होतो. एका पिठाच्या गिरणीची एकहाती एजन्सी आम्ही घेतली. अट अशी की दुसऱ्या कोणाचा आटा वा मैदा दुकानात ठेवायचा नाही. मोबदल्यात या भागात दुसरा एजंट नेमला जाणार नाही. तीन वर्षे आम्ही दारोदार फिरून त्या गिरणीचा छाप लोकांच्या तोंडी बसविला. चौथ्या वर्षी गिरणीने स्वतःचेच गोदाम उघडले. कागद काढून पाहिला तर आम्हांस बांधणारी कलमे सात होती आणि गिरणीस बांधणारे एकही नव्हते. तिचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही. कागद न वाचणारे आम्हीच होतो.

पुतण्याच्या करारात आम्ही प्रथम हेच शोधले. त्याने काय काय करावयाचे नाही, ते विस्ताराने लिहिलेले आहे. दर किती राहील व किती काळ राहील, याची हमी कोठे दिसली नाही. आणि या धंद्यातील दर बदलतात, तेही एका बाजूच्या मर्जीने. शटरस्टॉक या पेढीने 2020 च्या जूनमध्ये शेकडा 15 ते 40 अशा सहा पायऱ्या केल्या आणि दर 1 जानेवारीस सर्वांस पुन्हा पहिल्या पायरीवर आणून ठेवण्याचा नियम घातला. वर्षभर चढायचे आणि नव्या वर्षी पुन्हा उंबरठ्याशी! पुष्कळांनी रागाने आपला माल मागे घेतला. जे मोकळे होते त्यांस तो घेता आला, एवढे ध्यानात ठेवावे.

बांधलेला माल वाटा काढतोच, हे महाराष्ट्राने मोठ्या प्रमाणावर पाहिले आहे. 1972 साली तेथे कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. शेतकऱ्याने कापूस सरकारी यंत्रणेसच घालावा, तिने हमीचा भाव द्यावा व नफा उरल्यास वाटून द्यावा, असा तो सौदा. हेतू वाईट नव्हता. खाजगी खरेदीदारांनी शेतकऱ्यास नाडले होते, हे आम्ही व्यापाऱ्यांनी नाकारू नये. परंतु सीमेपलीकडे भाव चढला की विदर्भातील कापूस रात्री परराज्यात जाई, आणि भाव पडला की परराज्यातील कापूस योजनेत येई. नव्या शतकाच्या आरंभी ती सक्ती मोडली.

आणि एक गोष्ट आमच्याविरुद्धही सांगितली पाहिजे. पावसाळ्याच्या तोंडी आम्ही येथील काही शेतकऱ्यांस उचल देत असू. अट एवढीच की भात आणि नागली आमच्याच वखारीत यावी. आम्हांस ते उपकार वाटत. त्यांपैकी एकाने एकदा विचारले, "शेठ, भाव तुम्ही सांगणार, माप तुमचे, आणि दुसरीकडे जायचे नाही, मग मी काय सांगायचे?" त्यास उत्तर देता आले नाही. बांधणाऱ्यास बंधन नेहमी इमानासारखे दिसते.

तथापि मोकळेपणाही फुकट नसतो. चार वखारी म्हणजे चार ठिकाणी चित्रे चढविणे, चार रोजमेळ. आयस्टॉक शंभर डॉलर साठल्यावाचून रक्कम धाडीत नाही. अशी तुटपुंजी बाकी जागोजाग अडकून पडते. आणि मोकळेपणा टिकण्यास वखारी तरी वेगळ्या राहिल्या पाहिजेत. 2025 च्या जानेवारीत गेटी आणि शटरस्टॉक यांनी एकत्र होण्याचा करार जाहीर केला. समोरासमोरची दोन दुकाने एकाच मालकाची झाल्यावर गिऱ्हाइकाने आणि माल देणाऱ्याने कोणाकडे पाहायचे?

मग आम्ही पाटी घेतली. दहा डॉलरच्या विक्रीवर मोकळ्यास दीड डॉलर, बांधलेल्यास पहिल्या पायरीवर अडीच. किंमत व खप दोन्हीकडे सारखे धरले, तर आयस्टॉककडून येणाऱ्या दर दीड डॉलरमागे इतर सर्व पेढ्या मिळून एक डॉलराहून अधिक देत असतील तेव्हा बांधून घेण्यात तोटा आहे. वरच्या वर्गाची तिप्पट किंमत हिशेब फिरवू शकते, पण महाग मालाचा खप किती, हे वर्षाच्या वहीवाचून कळत नाही. पुतण्याकडे अशी वहीच नव्हती! सहीपूर्वी दुसरीकडील चित्रे काढून टाकावी लागतात. महिन्याच्या नोटिशीने बाहेर पडता येते खरे, पण तोवर इतर वखारींतील जुनी ओळख पुसलेली असते आणि सर्व माल पुन्हा चढवावा लागतो.

आमचे मत असे पडले की उमेदवारीच्या काळात माल मोकळा ठेवावा. ज्याचा छाप प्रसिद्ध झाला आहे व ज्यास दुसरीकडून फारसे येत नाही, त्याने खुशाल बांधून घ्यावे. त्यास आम्ही मूर्ख म्हणणार नाही. मधली वाटही आहे. इंग्लंडमधील आलामी पेढीने 2019 साली मोकळ्या चित्रांचा वाटा 50 वरून 40 वर आणला, तेव्हा केवळ तिच्याकडेच ठेवलेल्या चित्रांस 50 चा दर राखला. म्हणजे तेथे बंधन माणसास नव्हे, एकेका चित्रास होते. पुढे तेही दर बदलले, पण पद्धत आम्हांस पसंत आहे. सर्व धान्य एकास का द्यावे? उत्तम भात निवडून एकास द्यावा, बाकीचा बाजारात न्यावा.

पुतण्याचा उत्तम माल म्हणजे खडोलीच्या शिवारातील लावणीची चित्रे. जाहिरातीसाठी विकायचे तर चित्रातील माणसाची लेखी संमती लागते. त्यातील एका वारली बाईने कागदावर सही करण्यापूर्वी विचारले, "यातले मला किती?" त्याने तिला त्याच दिवशी रोख दिले. ते चित्र पुढे किती वेळा खपेल, हे त्यालाही ठाऊक नव्हते.

लाभपंचमीस त्याने आमच्यासमोर वही उघडली. चार पेढ्यांची चार खाती पाडली आहेत आणि पाचवे त्या बाईच्या नावे आहे. करारनामा अद्याप आमच्या गल्ल्यात पडून आहे.