श्रेयांक सेवेचा नव्हे, शिकण्याचा!

गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, देशातील ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजनेचा प्रारंभ झाला. तिचे बोधवाक्यच ‘मी’पणा नाकारणारे आहे. पाच दशकांनंतर, २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने समाजसहभागाला थेट अभ्यासक्रमात स्थान दिले. सत्रभर आठवड्याला दोन तास क्षेत्रकार्य, की एक श्रेयांक पदरात! धोरणाचे स्वागतच आहे. प्रश्न आहे तो त्याच्या अंमलबजावणीचा.

आज चित्र काय दिसते? गाव ‘दत्तक’ घ्यायचे, फलक लावायचा, हाती झाडू घेऊन छायाचित्र काढायचे आणि अहवाल जोडून धारिका बंद करायची. मुळात दत्तक घेण्यास गाव अनाथ आहे काय? ज्या शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या पावसाचे गणित मांडले, त्याच्या दारी आपण गुरू म्हणून जातो की शिष्य म्हणून?

काही विद्वज्जन म्हणतात, ‘सेवेला गुण कसले? सेवा निष्कामच हवी.’ वाक्य गोंडस आहे. परंतु त्यात गल्लत आहे. श्रेयांक सेवेला द्यायचाच नाही; तो सेवेतून झालेल्या शिक्षणाला द्यायचा आहे. भूगर्भशास्त्राच्या विद्यार्थ्याने गावातील विहिरींची पाणीपातळी पावसाळ्यानंतर आणि पुन्हा उन्हाळ्यात मोजावी, वाणिज्यच्या विद्यार्थ्याने पाणीपुरवठा योजनेचा जमाखर्च ग्रामसभेला समजेल अशा भाषेत मांडावा, विधीच्या विद्यार्थ्याने सातबाऱ्यावरील वारसनोंदीचा अर्ज लिहिण्यास साहाय्य करावे. येथे गावाचे काम होते आणि विषयही पक्का होतो. झाडू मारून यांपैकी काय साधते?

म्हणूनच तीन गोष्टी अनिवार्य आहेत. काम कोणते, हे ग्रामसभेने ठरवावे. एकाच गावाशी महाविद्यालयाचा संबंध वर्षानुवर्षे टिकावा. आणि मूल्यमापनात अहवालाच्या जाडीऐवजी, विद्यार्थी काय शिकला व गावाच्या हाती काय उरले, हे पाहिले जावे. त्यासाठी प्राध्यापकांच्या कार्यभारातही या तासांची नोंद हवी. अन्यथा त्यांनी ते उरकूनच टाकले, तर दोष कोणाला देणार?

शासनाच्या अनुदानावर चालणारी विद्यापीठे समाजाच्याच पैशावर उभी आहेत. समाजाचे हे ऋण खोट्या अहवालांनी फेडता येत नाही. त्याहून गंभीर बाब अशी की, विसाव्या वर्षी सेवेच्या नावाने खोटी स्वाक्षरी करण्यास शिकलेला तरुण पुढे अधिकारपदावर बसून काय करील, याचा विचार विद्यापीठांनी आजच करावा!