धागा तुटला की माग थांबतो

गेल्या लग्नसराईत कामतघरला मामाच्या घरी चोरी झाली. मामा-मामी लग्नासाठी नाशिकला गेले होते. हॉलमध्ये कॅमेरा होता, दाराला सेन्सर होता. दोन्ही वायफायवर, दोन्ही मामाच्या मोबाइलमधल्या एकाच अ‍ॅपला जोडलेले. हे सगळं घ्यायला मीच सांगितलं होतं. घरातला इंजिनियर मीच.

चोराने आधी दाराला हातच लावला नाही. जिन्यात मीटरच्या वर इंटरनेटवाल्याचा प्लॅस्टिकचा डबा असतो, बिनकुलपाचा. त्यातली मामाच्या घराकडे जाणारी केबल त्याने कापली. मग निवांतपणे कडी-कोयंडा तोडला. मामीच्या दोन पाटल्या गेल्या आणि कामगारांच्या पगारासाठी आणून ठेवलेली रोकड गेली. दार उघडलं हे सेन्सरला कळलं असणारच, पण ते सांगायला रस्ता उरला नव्हता. मामाच्या फोनवर रात्रभर काहीही आलं नाही. सकाळी शेजाऱ्यांचा फोन आला, तेव्हा त्याने अ‍ॅप उघडलं. कोपऱ्यात राखाडी, बारीक अक्षरांत लिहिलं होतं: ऑफलाइन, १:५२.

मामा आधी जॉबर होता. आता नारपोलीत त्याचे स्वतःचे आठ लूम आहेत, सगळे जुने. मी घरी गेलो तेव्हा तो चिडलेला नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं. तो एवढंच म्हणाला, "अरे, माझ्या भंगारातल्या लूमला धागा तुटलेला कळतो. तुमच्या अ‍ॅपला वायर तुटलेली कळत नाही?"

या प्रश्नाचं खरं उत्तर मला माहीत होतं. ते मी त्याला त्या दिवशी दिलं नाही, म्हणून इथे देतोय.

आधी लूमचं सांगतो, कारण भिवंडीबाहेरच्या वाचकाला ते ठाऊक नसेल. साध्या यंत्रमागात धोटा इकडून तिकडे जातो आणि मागे बाण्याचा धागा सोडत जातो. बाजूला एक छोटा काटा असतो, त्याला वेफ्ट फोर्क म्हणतात. धागा जागेवर असेल तर तो या काट्याला ढकलून कलवतो आणि लूम चालू राहतो. धागा तुटला किंवा कांडी संपली, की काट्याला ढकलायला कुणी नसतं. काटा सरळ राहतो, मागून येणाऱ्या हातोडीत अडकतो आणि लूमचा दांडा पाडतो. लूम बंद. १८४० च्या दशकात इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या केनवर्दी आणि बुलो यांनी लँकेशायर लूममध्ये ही युक्ती बसवली. तिच्यात ना वीज आहे, ना चिप.

यातली खुबी नीट बघा. धागा तुटल्यावर कुणी निरोप धाडत नाही. तुटलेला धागा बोलणार कसा? धागा असतो तेव्हा प्रत्येक फेरीला "मी आहे" एवढंच सांगतो, आणि ते सांगणं थांबलं की लूम थांबतो. म्हणजे या यंत्रात शांतता हाच धोक्याचा इशारा आहे. भिवंडीत वाढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. लूमची खटखट चालू असताना आपण गाढ झोपतो आणि ती थांबली की जागे होतो.

चोराची घंटा बनवणाऱ्यांनाही हे फार पूर्वी कळलं होतं. तारेतून थोडासा प्रवाह सतत वाहता ठेवायचा. दार उघडलं तरी तो तुटतो आणि तार कापली तरी तुटतो. दोन्हीचा अर्थ एकच: घंटा वाजवा. बॉस्टनमध्ये होम्स कंपनीच्या अशा तारा दुकानांतून आणि बँकांतून एका केंद्राकडे जात होत्या. १८७७ मध्ये त्याच तारांवर टेलिफोन जोडून तिथे सुरुवातीच्या टेलिफोन एक्स्चेंजांपैकी एक चाललं. म्हणजे चोराची बातमी नेणारी तार आधी आली आणि आपल्या गप्पा तिच्यावर नंतर चढल्या.

पुढे घरोघर टेलिफोन आले आणि अलार्म त्या लाइनवरून फोन लावू लागले. चोरही शिकले. घराबाहेर येणारी टेलिफोनची तार आधी कापायची. मग अलार्मवाल्यांनी पॅनेलमध्ये लाइनवर नजर ठेवणारं सर्किट घातलं. लँडलाइनवर एक्स्चेंजमधून साधारण ४८ व्होल्टचा दाब कायम येत असतो, घरातली वीज गेली तरी. रिसीव्हर उचलला की तो बराच खाली उतरतो, पण शून्य होत नाही. शून्य झाला याचा अर्थ तार तुटली. पॅनेल काही सेकंद थांबून खात्री करतं आणि स्वतःच्या बॅटरीवर भोंगा वाजवतं. अमेरिकेत तर पॅनेल घरातल्या सगळ्या फोनच्या आधी जोडण्याची पद्धत पडली, म्हणजे चोराने आतला एखादा रिसीव्हर उचलून ठेवला तरी पॅनेलला लाइन ओढून घेता येते.

इतकं करूनही एक उणीव राहते. तार तुटल्याचं कळतं ते घरातल्या पॅनेलला. रिकाम्या घरात भोंगा ऐकणार कोण? म्हणून खरी राखण ती, ज्यात तुटल्याचं दुसऱ्या टोकाला कळतं. ब्रिटनमध्ये बीटीची रेडकेअर नावाची सेवा होती. तिच्यात लाइन बाहेरून सतत तपासली जायची, त्यामुळे तार कापणं हीच चोर आल्याची बातमी व्हायची. तांब्याच्या टेलिफोनचं जाळं तिथे गुंडाळलं जात असताना, २०२५ मध्ये ही सेवा बंद झाली.

आपल्याकडे ०२५२२ वाले लँडलाइन घरांतून कधीच गेले. तांब्याच्या जागी फायबर आलं, पॅनेलच्या जागी अ‍ॅप आलं. या बदलात आपण ती एक जुनी अक्कल मागे टाकली. आजचा स्वस्त "स्मार्ट" अलार्म काही घडलं तर सांगतो आणि काही आलं नाही तर सगळं ठीक आहे असं आपल्याला समजायला लावतो. लूमच्या बरोबर उलटं.

आता मामाच्या प्रश्नाचं उत्तर. अ‍ॅपला कळत नाही, हे खोटं आहे. त्याला कळतं.

अशी बरीच उपकरणं सर्व्हरशी बोलायला एमक्यूटीटी नावाची पद्धत वापरतात. १९९९ मध्ये तेलाच्या पाइपलाइनवर उपग्रहामार्फत लक्ष ठेवण्यासाठी ती तयार झाली, म्हणजे लाइन कधीही तुटू शकते हे गृहीत धरूनच. तिच्यात उपकरण ठरावीक वेळाने "मी आहे" असं कळवत राहतं. शिवाय जोडलं जातानाच ते सर्व्हरकडे चक्क एक मृत्युपत्र ठेवू शकतं: मी न सांगता गप्प झालो तर अमक्याला हा निरोप द्या. ठरलेल्या वेळेच्या दीडपट थांबून सर्व्हर तो निरोप पोहोचवतो. वेळ ६० सेकंदांची असेल तर ९० सेकंदांत. ही सोय फुकट आहे आणि त्या पद्धतीच्या नियमांतच लिहिलेली आहे. मामाच्या अ‍ॅपमध्ये १:५२ ही वेळ छापून आली ती कुठून? सर्व्हरला माहीत होतं म्हणूनच आली. त्याने ती रात्रभर स्वतःजवळ ठेवली.

हे मी इतक्या खात्रीने सांगतो, कारण पहिल्या नोकरीत मी हेच काम केलंय. कंपनी वेगळी, उत्पादन वेगळं, पण अ‍ॅप याच जातीचं. उपकरण गप्प झालं की मालकाला नोटिफिकेशन पाठवायचा कोड मी लिहिला होता आणि तो चालत होता. चाचणीच्या आठवड्यात लोकांना दिवसातून चार-पाच वेळा निरोप जाऊ लागले, कारण आपल्याकडे वीज जाते, वायफाय जातं. मीटिंगमध्ये ठरलं की हे वारंवार दिसलं तर आपलं प्रॉडक्ट खराब आहे असं लोकांना वाटेल. सेटिंग ठेवा, पण मुळात बंद ठेवा. ज्याला हवं तो चालू करेल. ते बंद करणारी ओळ मीच लिहिली. वाद घातला नाही. संध्याकाळी नेहमीच्या ट्रेनने घरी आलो.

त्या सेटिंगपर्यंत पोहोचायला चार स्क्रीन ओलांडाव्या लागायच्या. ते चालू करणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही.

यावर आमच्या धंद्यातली मंडळी काय म्हणतील ते मला पाठ आहे. पहिलं: खोटे इशारे फार आले की माणूस खऱ्याकडेही बघत नाही. हे खरं आहे, आणि म्हणूनच यावर डोकं चालवायचं असतं. कामतघरमधली चाळीस उपकरणं एकाच मिनिटाला गप्प झाली तर वीज गेली किंवा मोठी केबल तुटली. एकाच इमारतीतलं एकच घर गप्प झालं, शेजारची चालू आहेत, तेही रात्री दोनला, तर तो इशारा आहे. हा फरक मामाच्या घरातल्या कॅमेऱ्याला कळणार नाही, पण सर्व्हरला कळू शकतो, कारण त्याच्यासमोर सगळी घरं असतात. जाहिरात कुणाला दाखवायची हे ठरवायला हीच कंपनी याहून कितीतरी अवघड गणितं करते.

दुसरं: एवढ्या किमतीत एवढंच मिळणार. मग तसं खोक्यावर लिहा. युरोपात ईएन ५०१३६ नावाचं मानक आहे. अलार्मचा रस्ता तुटल्याचं किती वेळात कळलं पाहिजे, याच्या त्यात श्रेणी आहेत. एकाच रस्त्यावर चालणाऱ्या यंत्रणांमध्ये सर्वांत ढिल्या श्रेणीला ३२ दिवस चालतात, सर्वांत कडक श्रेणीला २० सेकंद. ज्याला जे परवडेल ते त्याने घ्यावं, पण काय घेतोय ते कळून. आपल्याकडे खोक्यावर मेगापिक्सेल असतात, "नाइट व्हिजन" असतं, हसतं कुटुंब असतं. केबल कापल्यावर किती सेकंदांत कळेल, हा एक आकडा नसतो. माझी मागणी एवढीच आहे की तो छापायला लावा. "कळणार नाही" असं छापलं तरी चालेल, निदान ते प्रामाणिक असेल.

तिसरं, आणि हे मला सर्वांत अवघड जातं: निरोप आला असता तरी काय झालं असतं? मामा नाशिकला. रात्री दोनला त्याने कुणाला उठवलं असतं? शेजाऱ्यांनी आवाज ऐकला होता, पण त्यांना वाटलं मामाच परत आला. आपल्याकडे बहुतेक घरांचे अलार्म कुठल्याही नियंत्रण कक्षाला जोडलेले नसतात, फक्त आपल्याच मोबाइलला जोडलेले असतात. दुसऱ्या टोकाला जागं कुणी नसेल तर ९० सेकंद काय आणि नऊ तास काय?

पण हे टोकही बांधता येतं, आणि ते भिवंडीने करून दाखवलंय. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी हे गाव देशभर बदनाम झालं होतं. त्यानंतर इथे आलेले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. दोन्ही धर्मांची माणसं आणि पोलीस एकत्र बसायचे. मुद्दा असा की दंगल पेटल्यावर बसायचे असं नव्हे, काहीही घडलेलं नसतानाही नियमित बसायचे. रोज चालू असलेलं बोलणं थांबलं की ते लगेच जाणवतं. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती आणि भिवंडी शांत राहिली. घरफोडीची आणि दंगलीची तुलना मी करत नाहीये. "मी आहे, तू आहेस ना?" हे रोज विचारणारं कुणीतरी असावं लागतं, आणि ते या गावाला परकं नाही, एवढंच म्हणतोय.

मामाकडे आता काय आहे ते सांगतो. सिमकार्डवर चालणारं पॅनेल, स्वतःच्या बॅटरीसकट. भोंगा जिन्यात, घरात नाही. वायफाय गेलं तर पॅनेल सिमवरून कळवतं. आणि ते स्वतःच गप्प झालं, मग जॅमरने का होईना, तर दोन मिनिटांत माझ्या आणि खालच्या मजल्यावरच्या काकांच्या फोनवर निरोप येतो. तेवढा कोड मी दोन रविवारी लिहिला. काकांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "आधी का नाही सांगितलंस? मी तसाही दोनपर्यंत जागाच असतो." पहिल्या महिन्यात तीन खोटे इशारे आले. काका तिन्ही वेळा वर जाऊन कुलूप बघून आले.

तुमच्या घरी असा कॅमेरा किंवा अलार्म असेल तर आज रात्री एक काम करा. राउटरचा प्लग काढा, मोबाइलचं वायफाय बंद करून डेटा चालू ठेवा आणि घड्याळ लावा. फोनवर निरोप यायला किती वेळ लागतो ते बघा. दहा मिनिटांत काही आलं नाही तर अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये शोधा, कुठेतरी चौथ्या स्क्रीनवर ते बटण असेल. तिथेही नसेल तर कंपनीला लिहा, रेटिंगमध्ये लिहा, दुकानदाराला विचारा. आमच्या मीटिंगमध्ये रेटिंगचा एक तारा कमी झालेला लगेच दिसतो. त्या मीटिंगमध्ये माझ्यासारखा कुणीतरी गप्प बसलेला असतो, त्याला बोलायला तेवढा आधार पुरतो.

पाटल्या अजून सापडलेल्या नाहीत. पगार मामाने उसने घेऊन दिले.