एकेटीआधी तळपाय पाहा

कॉलर बोनच्या आतल्या टोकाला सूज, महिनोन्महिने दुखणे, ताप नावापुरता, ईएसआर चढलेला. असा रुग्ण समोर बसला की कर्जत-खालापुरात आपला हात एकेटीकडे, म्हणजे क्षयाच्या औषधांकडे जातो. क्षयाची शंका रास्तच आहे. आक्षेप आहे तो बायॉप्सीशिवाय औषधे सुरू करण्याला, आणि त्याहून जास्त, रुग्णाचे तळहात-तळपाय न पाहण्याला.

जपानमध्ये सोनोझाकी यांनी १९८१ मध्ये तळव्यांवरच्या पुळ्या आणि छातीच्या हाडांचा दाह यांची सांगड घातली. १९८७ मध्ये फ्रान्समधल्या शामो आणि सहकाऱ्यांनी अशा दुखण्यांना ‘सॅफो’ या एका नावाखाली आणले. या पुळ्यांतला पू निर्जंतुक असतो. आपल्याकडे मात्र लावणीच्या दिवसांत त्या चिखल्यांत जमा होतात आणि वीटभट्टीवर भेगांत. मलम एक डॉक्टर देतो, दुखण्याची गोळी दुसरा. त्यातच त्वचा आणि हाड यांच्या तक्रारींत कधी वर्षांचे अंतर पडते, काहींना तर त्वचेचा त्रास होतच नाही. म्हणून जुन्या पुळ्यांबद्दल, बळावलेल्या मुरुमांबद्दल मुद्दाम विचारावे लागते.

खरा चकवा पुढे आहे. हा आजार आपोआप उसळतो आणि आपोआप ओसरतो. तो ओसरण्याच्या काळात एकेटी चालू असली की श्रेय औषधाला जाते आणि निदान पक्के झाल्यासारखे वाटते. उलट बाजूही विसरू नये: हाडाच्या नमुन्यात जंतू थोडे असतात, त्यामुळे सीबीनॅट निगेटिव्ह आले म्हणून क्षय बाद होत नाही. कल्चर आणि हिस्टोपॅथॉलॉजी दोन्ही हवीत. सुरुवातीचा एक्स-रे साफ असू शकतो. बोन स्कॅनवर बैलाच्या डोक्यासारखी आकृती दिसली तर शंका बरीच फिटते, पण त्यासाठी मुंबई-नवी मुंबई गाठायची म्हणजे रुग्णाची मजुरी बुडते. तेव्हा पाठवायचे तर नीट चिठ्ठी लिहून पाठवा. आणि हो, बायॉप्सीआधी स्टेरॉइडची सुई नको, रुग्णाने कितीही आग्रह धरला तरी.

उपचाराची सुरुवात वेदनाशामक दाहरोधकांनी होते, पुढे पॅमिड्रोनेट, मेथोट्रेक्सेट. टीएनएफ-रोधकांपर्यंत वेळ आली तर दडलेला क्षय आधी शोधावा लागतो. शिवाय तीच औषधे काहींच्या तळव्यांवर नव्याने पुळ्या आणतात.

दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे भट्ट्यांवर जातात, पावसाच्या तोंडावर परततात. मधल्या काळात रुग्ण कुठल्या डॉक्टरपुढे उभा राहील, सांगता येत नाही. म्हणून पुळ्या दिसल्या त्याच दिवशी त्यांचा फोटो रुग्णाच्याच मोबाइलवर काढा आणि केसपेपरवर तारीख घाला.